क्रूस आणि फारोच्या विटा

थकणे आणि खचणे या दोन शब्दांत आपण नेहमीच्या बोलण्यात फारसा फरक करीत नाही. वाडीत दिवसभर राबलेला माणूस थकतो; पोटभर जेवण आणि रात्रीची झोप मिळाली की सकाळी तो पुन्हा उभा राहतो. खचलेल्या माणसाचे तसे नसते. रविवारी उशिरापर्यंत झोपूनही सोमवारी विरार लोकलच्या गर्दीत शिरताना त्याचे पाय जड होतात. ज्या कामाचा त्याला एके काळी अभिमान होता, त्याच कामाकडे तो परक्यासारखा पाहू लागतो. समोर आलेला रुग्ण, ग्राहक वा विद्यार्थी त्याला माणूस न वाटता आणखी एक कटकट वाटू लागते. आणि हळूहळू, आपण करतो त्याचा कोणालाच काही उपयोग नाही, अशी त्याची खात्री होत जाते. यालाच आपल्या घरांतील तरुण मुले बर्नआउट म्हणतात. समईतील तेल संपले की ज्योत थोडा वेळ वातीलाच खात राहते, तसे काहीसे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली आपल्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत या अवस्थेचे वर्णन केले, ते रोग म्हणून नव्हे. कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ आटोक्यात न आल्याने उद्भवणारी अवस्था म्हणून. ही बाब लक्षात ठेवण्याजोगी आहे, कारण मूळ कामाच्या ठिकाणी आहे, केवळ काम करणाऱ्याच्या स्वभावात नाही. त्याही आधी, १९७४ साली, हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने हा शब्द शास्त्रीय लेखनात आणला, तो न्यूयॉर्कमधील एका मोफत दवाखान्यातील कार्यकर्त्यांना पाहून. ती माणसे कामचुकार नव्हती. जीव ओतून काम करणारीच तेवढी जळत होती.

आपल्या समाजात अशी माणसे थोडी नाहीत. कुमसारात ऐकलेले तिथेच राहते. मी सांगतो ते मिस्सानंतर देवळाच्या ओट्यावर ऐकलेले आहे. मुंबईच्या रुग्णालयात रात्रपाळी करणाऱ्या परिचारिका, विम्याच्या पॉलिस्या खपविण्याचे उद्दिष्ट डोक्यावर असलेले बँकेतील अधिकारी, अमेरिकेच्या घड्याळाप्रमाणे जागणारे संगणकावरचे तरुण, आणि संध्याकाळच्या लोकलने घरी येऊन पदर खोचून थेट चुलीपाशी उभी राहणारी शिक्षिका. यांचा प्रश्न बहुधा एकच असतो: फादर, माझी श्रद्धा कमी पडते का?

या प्रश्नाला आपल्याकडे एक ठरावीक उत्तर दिले जाते. प्रत्येकाला आपापला क्रूस असतो, तो मुकाट्याने वाहावा. उत्तर धार्मिक वाटते, म्हणून त्याला कोणी हरकत घेत नाही. माझी मात्र हरकत आहे.

पहिल्या राजांच्या ग्रंथातील एकोणिसावा अध्याय पाहा. कार्मेल पर्वतावर एलियाने मोठा विजय मिळविला आहे, आणि लगेच ईजबेल राणीच्या धमकीने तो रानात पळतो, एका झुडपाखाली बसतो आणि मरण मागतो. एवढा मोठा संदेष्टा! त्याची श्रद्धा कमी होती, असे कोण म्हणेल? देव त्याला दटावीत नाही, उपदेश करीत नाही, प्रार्थना वाढवायलाही सांगत नाही. एलिया झोपतो. देवदूत त्याला हलवून उठवितो, तर उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचे भांडे. तो खातो, पितो आणि पुन्हा झोपतो. देवदूत दुसऱ्यांदा येतो आणि पुन्हा जेवायलाच सांगतो, कारण पुढचा प्रवास त्याला झेपणारा नाही. होरेब, मंद वाणी, नवी कामगिरी हे सारे त्यानंतरचे. आणि त्या नव्या कामगिरीतच अलिशा त्याला सोबती म्हणून मिळतो. आपण मात्र खचलेल्या माणसाला आधी होरेबवर चढायला सांगतो आणि भाकरीचे नंतर पाहू म्हणतो.

ईजिप्तच्या वाळवंटातील चौथ्या शतकातल्या संन्याशांना अशा एका अवस्थेची चांगली ओळख होती. भर दुपारी सूर्य जागचा हलत नाहीसा वाटतो, कोठडी नकोशी होते, प्रार्थनेचा वीट येतो. इव्हाग्रियसने तिचे वर्णन केले असून तिला आसेदिया हे नाव आहे. तिला सरसकट आळस म्हणणे चूक, आणि तिला व आजच्या खचण्याला एकच मानणे हीसुद्धा चूकच. कारण आसेदिया हा दुर्गुण मानला गेला, तर नोकरीत पिळून निघणे हे पाप नव्हे. तथापि संत थॉमस अक्वायनस यांनी या बाबतीत एक मार्मिक गोष्ट सांगितली आहे. आसेदिया हा दुर्गुण त्यांनी शब्बाथ पाळण्याच्या आज्ञेविरुद्धचा ठरविला, कारण त्या आज्ञेत देवाच्या ठायी मनाने विसावणे अभिप्रेत आहे. सेमिनरीत हे शिकताना त्याचे मोल मला फारसे उमगले नव्हते. परीक्षेपुरते पाठ केले, एवढेच. आज वाटते, ज्याला क्षणभरही थांबवत नाही, तो उद्योगी म्हणून मिरवत असला तरी या आज्ञेपासून दूरच गेलेला असतो.

आता क्रूसाविषयी. निर्गमाच्या पाचव्या अध्यायात फारो इस्राएली मजुरांना मिळणारा पेंढा बंद करतो. पेंढा त्यांनीच गोळा करायचा, विटांची संख्या मात्र एकानेही कमी व्हायची नाही. ती भरत नाही तेव्हा मुकादमांना फटके बसतात आणि वर आळशी हे विशेषण. माणसे कमी करून उद्दिष्ट तेच ठेवणाऱ्या, किंबहुना वाढविणाऱ्या आजच्या कचेरीत बसलेल्याला हा अध्याय समजावून सांगावा लागत नाही. मोशेने या मजुरांना विटा हाच तुमचा क्रूस असे सांगितले नाही. पुढे अनुवादाच्या ग्रंथात शब्बाथाची आज्ञा पुन्हा येते, तेव्हा तिचे कारण हेच दिले आहे: तुम्ही मिसर देशात दास होता, म्हणून आता तुमच्या दासदासींनाही विसावा मिळावा. प्रेमापोटी स्वीकारलेले ओझे हा क्रूस. दुसऱ्याच्या हव्यासापोटी लादलेली ती फारोची वीट. हा विवेक न करता दोहोंना एकच नाव देणे म्हणजे फारोच्या हाती क्रूस देणे होय.

आणि खुद्द प्रभूने तरी आपला क्रूस एकट्याने कुठे वाहिला? क्रूसाच्या वाटेचे पाचवे स्थान आपण दर उपवासकाळात गुडघे टेकून करतो. कुरेने येथील शिमोन शेताकडून येत होता, त्याला धरून आणले आणि क्रूस त्याच्या खांद्यावर दिला. येशूने नको म्हटल्याचे एकाही शुभवर्तमानात नाही.

रविवारची सुट्टी आपल्याला परंपरेने आपोआप मिळाली, असा आपला समज असतो. मुंबईच्या गिरण्यांतील कामगारांना ती १८९० साली मिळाली, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या दीर्घ खटपटीने. लोखंडे हे जोतीराव फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक समाजाचे. रविवार हा खंडोबाचा वार, हेही कारण त्या मागणीमागे होते. पुढच्याच वर्षी, मे १८९१ मध्ये, पोप तेरावे लिओ यांचे रेरुम नोव्हारुम हे परिपत्रक निघाले आणि त्यात कामाच्या तासांना मर्यादा व रविवारची विश्रांती यांचा आग्रह धरला गेला. सत्यशोधकाला आणि पोपमहाशयांना वर्षभराच्या अंतराने एकच गोष्ट न्याय्य वाटली, याचा मला आनंद होतो. मिळविलेली ती सुट्टी आज कचेरीच्या व्हॉट्सअॅप गटाने परत घेतली आहे, आणि आपण ती न भांडता दिली.

नोकरी सोडा, असा सल्ला मी देत नाही. घराचा हप्ता आणि मुलांची फी ज्याच्या डोक्यावर आहे, त्याला तो ऐकविणे ही क्रूर थट्टा होईल. डॉक्टरकडे वा समुपदेशकाकडे जाणे हा अविश्वास नव्हे, एवढे मात्र निक्षून सांगतो; उशाशी भाकर ठेवणारा देवदूत पांढऱ्या कोटातही येऊ शकतो. मग श्रद्धेचे काम कोणते? यार्देन नदीत येशूचा बाप्तिस्मा झाला, तेव्हा पित्याने त्याला आपला प्रिय पुत्र म्हटले आणि आपला संतोष व्यक्त केला. मार्कच्या शुभवर्तमानात हे पहिल्याच अध्यायात येते. अजून एकही रोगी बरा झालेला नाही, एकही उपदेश झालेला नाही. कामगिरीच्या आधीचा तो संतोष आहे. आपल्याही बाप्तिस्म्यात आपले मोल असेच आधी ठरले. वर्षअखेरच्या मूल्यमापनाचा कागद त्यात भर घालू शकत नाही आणि त्यातून काही वजाही करू शकत नाही. हे ज्याला आतून पटले, त्याचे ओझे हलके होतेच असे नाही; पण त्या ओझ्यावरून तो स्वतःची किंमत करणे सोडतो. मग वरिष्ठांना नाही म्हणण्याचे, सोबत्याला हाक मारण्याचे, रात्री फोन बाजूला ठेवून झोपण्याचे धाडस त्याला होऊ शकते. दिवसाचा अखेरचा प्रार्थनाविधी आम्ही धर्मगुरू करतो, त्यात अपुरे राहिलेले सारे देवाच्या हाती सोपवून निजायचे असते. प्रापंचिकांनाही तो सहज करता येईल.

फारोला शोधायला दर वेळी नरिमन पॉइंटपर्यंत जावे लागत नाही, हेही सांगितले पाहिजे. आपल्या घरी धुणीभांडी करणाऱ्या बाईला आठवड्याची सुट्टी आहे काय? दुकानातल्या पोऱ्याला? नोकरी करून घरी आलेल्या सुनेच्या हातचा चहा पिताना तिलाही बसायला कोणी सांगते काय? आणि धर्मग्रामांत तरी निराळे काय चालते? सणाची वर्गणी, गायनवृंद, प्रार्थनासंघ, स्मरणिका, प्रत्येक ठिकाणी तीच पाच-सहा माणसे. ती नाही म्हणत नाहीत, म्हणून आपण त्यांनाच सांगतो. आमच्या धर्मग्रामात आता रविवारी दुपारी एकही सभा होत नाही. काहींची कुरकुर आहे, पण सभा शुक्रवारी संध्याकाळी होतात, तासाभरात आटोपतात, आणि सणाच्या समितीत दोन वर्षे काम केलेल्याला तिसऱ्या वर्षी घेतले जात नाही.