उसनं

माझी आजी गावाची होती असं अजूनही लोक म्हणतात. खरंच आहे ते. कुणाच्या घरी कळा सुरू झाल्या की रात्री-अपरात्री कंदील घेतलेला माणूस आमच्याच दारात यायचा. कुणी खण-नारळ दिला तर घ्यायची, नाही दिला तर आठवण करून द्यायची नाही. मयत झाली तर घरातल्या बायकांना धरून बसायलाही हीच. अशी एखाददुसरी बाई तेव्हा गावोगाव असायची. मला बोलायचंय ते तिच्या कणगीबद्दल.

साल १९७२. आमच्या माणदेशाला कमी पावसाचं काय कौतुक! पण त्या साली विहिरींचे तळ दिसले. बापे-बाया सगळे खडी फोडायला. कामावर सुकडी मिळायची आणि रेशनला लाल मिलो, त्याची भाकरी घशाखाली उतरायची नाही. आमच्या कणगीत मागचा थोडा शाळू होता.

आजीची एक मैतरीण होती, खालच्या आळीची. दोघी एकाच साली लग्न होऊन गावात आलेल्या. ती दिवस मावळल्यावर पदराखाली मापटं झाकून यायची. आजी ते भरायची आणि मुद्दाम मोठ्यानं म्हणायची, "उसनं नेतीयास, सुगीला शीग लावून आणायचं बरं का!" सुगी कधी येणार ते दोघींनाही माहीत नव्हतं. म्हटलं तर खोटंच ते. पण 'घे, दिलं तुला' म्हणाली असती तर मैतरीण दुसऱ्यांदा आली नसती. उसन्यात देणारा आणि घेणारा एकाच पायरीवर उभे असतात.

ही गोष्ट मी सांगितली की लोकांचे डोळे भरतात, आणि मला आई आठवते.

कणगी आजीची म्हणायची. पण तो शाळू राखला, काढला, खुडला त्यात आईचे हात होते. घरात बाया शेवटी जेवायच्या. मापटं गेलं त्या रात्री आजोबा, वडील, आम्ही पोरं, कुणाच्याच ताटात काही कमी दिसायचं नाही. कमी पडायचं ते चुलीपाशी. माझी धाकटी बहीण तेव्हा अंगावर पीत होती. एकदा आई बोललीच, "आत्याबाई, गावाचं बगा, पर मला बी पितं लेकरू हाय."

"तिच्या घरात बी लेकरंच हायती गं," आजी म्हणाली.

आता यात कोण चुकलं? मी पन्नास वर्षं घोळवतोय. उपाशी माणूस दारात असताना कणगीवर झाकण ठेवावं, असं मला अजूनही म्हणवत नाही. पण न विचारता सुनेच्या घासातलं काढून दिलं, तर त्याचं पुण्य सासूच्या नावावर का जमा व्हावं? हल्ली देवळाला हजार रुपये दिले की फरशीवर नाव कोरून घेतात. त्या हजारासाठी घरात कुणाचं औषध लांबणीवर पडलं, ते फरशीवर नसतं.

आजीनं त्यावर वाद घातला नाही. मापटं देणंही थांबवलं नाही. फक्त दुसऱ्या दिवसापासून ती आमच्याबरोबर जेवायला बसेना. सगळ्यांचं उरकलं की चुलीपाशी आईशेजारी बसायची आणि उरलेली भाकरी मोडून दोघींच्यात वाटून घ्यायची. तिथनं पुढं तिचं देणं मला खरं देणं वाटतं. आधीही ती मनानं मोठीच होती, पण खर्च दुसऱ्याचा होता.

त्र्याहत्तरला पाऊस झाला. पुढच्या सुगीला मैतरीण पायली घेऊन आली, शीग लावून. आजी जागची उठली नाही. "सुनंकडं दे," म्हणाली, "तिचं हाय त्ये." आईनं दाणे सुपात ओतून घेतले. माप रिकामं परत द्यायचं नसतं आमच्यात. आईनं त्यात ओंजळभर शाळू टाकला, थोडी थांबली, आणि आणखी एक ओंजळ टाकली.