ओतप्रोत (गीता 7.7)



आजचा श्लोक सातव्या अध्यायातला सातवा. भगवंत अर्जुनाला सांगतात की माझ्यापलीकडे दुसरं काही नाही, आणि हे जे सगळं दिसतंय ते माझ्यात ओवलेलं आहे, दोऱ्यात मणी ओवावेत तसं. पाठांतराला सोपा श्लोक. उपमाही घरातली, जपमाळ तर प्रत्येकाने पाहिलेली असते. त्यामुळे वाचणारा 'हो, बरोबर' म्हणतो आणि आठव्या श्लोकाकडे जातो.

आपण जरा थांबू. या श्लोकात एक शब्द आहे, 'प्रोत'. तो आपण रोज वापरतो: भक्तीने ओतप्रोत, उत्साहाने ओतप्रोत. ऐकताना वाटतं की कुणीतरी काहीतरी काठोकाठ ओतलंय. पण त्या शब्दाचा ओतण्याशी संबंध नाही. तो मागावरचा शब्द आहे. उभ्या आणि आडव्या धाग्यांत विणलेलं, ते ओतप्रोत.

बृहदारण्यक उपनिषदात जनकाच्या सभेत गार्गी याज्ञवल्क्यांना हाच शब्द धरून विचारते. हे सगळं पाण्यावर विणलेलं आहे म्हणता, मग पाणी कशावर विणलंय? ते म्हणतात, वायूवर. मग वायू कशावर? असं करत करत ती ब्रह्मलोकापर्यंत जाते आणि तिथे याज्ञवल्क्य तिला अडवतात, आता पुढे विचारू नकोस, डोकं गळून पडेल. ती गप्प बसते, पण पुढे पुन्हा उठते आणि आणखी दोन प्रश्न विचारते. तेव्हा उत्तर येतं की हे सगळं आकाशावर विणलंय आणि आकाश त्या अक्षरावर, ज्याचा नाश होत नाही. मला गार्गी फार आवडते. तत्त्वज्ञानातला सगळ्यात मोठा प्रश्न तिने विणकराच्या भाषेत विचारला.

आणि शंकराचार्य आजच्या श्लोकावरच्या भाष्यात मण्यांच्या आधी आणखी एक उपमा देतात: लांब धाग्यांमध्ये कापड असतं तसं. म्हणजे आधी कापड, मग माळ. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा एकदम आमच्या गावच्या घरात जाऊन पोहोचले.

आमचं घर सनगरांचं, माणदेशातलं. मेंढरं धनगरांची आणि माग सनगरांचा, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची सोय. दख्खनी मेंढीची लोकर वर्षातून दोनदा कातरली जाते. ती काळी, पांढरी, करडी अशी रंगावर निवडायची, त्यातली कुसळं काढायची, पिंजायची, पेळू करायचे आणि चरख्यावर सूत काढायचं. इथपर्यंतचं काम बायकांचं. पुढे ताणा, खळ आणि खड्ड्यातला माग हे पुरुषांचं. त्यामुळे घोंगडी कुणाची म्हटलं की विणणाऱ्याचं नाव येतं. सूत कुणी काढलं, हे कधी कुणी विचारलेलं मला आठवत नाही. श्लोकातही तसंच आहे बघा. माळेत डोळ्यांना मणी दिसतात, दोरा दिसत नाही.

सूत काढायला मला आजीने शिकवलं, सुट्टीत, ओसरीवर. लोकरीचा धागा सारखा तुटतो. मी लगेच गाठ मारायला जायचे. आजी हातावर चापट मारायची. "गाठ नगं. वळ दे." तुटलेलं टोक सोडवायचं, नव्या पेळूची लोकर त्यावर ठेवायची आणि पीळ द्यायचा. लोकरीत लोकर धरते. नंतर सांधा शोधू म्हटलं तरी सापडत नाही. गाठ मात्र फणीत अडकते आणि पुन्हा तिथेच तुटते.

आता थोडं घरचं सांगते, कारण त्याशिवाय आजचा श्लोक मला कळलाच नसता.

माझे वडील (आम्ही आण्णा म्हणतो) प्राथमिक शिक्षक होते, आता निवृत्त. धाकटे चुलते, तात्या, गावात राहिले आणि माग त्यांनी चालवला, जमेल तसा. जमेल तसा म्हणजे आता फारसा नाहीच. बाजारात स्वस्त ब्लँकेटं आली, लोकरीला भाव राहिला नाही. मांसाला बरी म्हणून कळपांत माडग्याळ मेंढी वाढली, आणि तिच्या अंगावर लोकर अगदी थोडी. दोघा भावांत राहत्या घराच्या वाटणीवरून बोलणं बंद झालं, त्याला आता सहा वर्षं होतील. मधोमध भिंत घालायची तर ती बरोबर मागाच्या खड्ड्यावरून जाते. आण्णा म्हणतात, माप म्हणजे माप. तात्या म्हणतात, खड्डा बुजवायचा तर आधी मला त्यात बुजवा. मराठीत रेंगाळलेल्या प्रकरणाला भिजत घोंगडं म्हणतात. भिजलेलं घोंगडं किती जड होतं आणि वाळायला किती दिवस घेतं, हे ज्याने ते दोरीवर टाकलंय त्याला विचारा.

चंपाषष्ठीला मात्र सगळे गावी येतात. खंडोबा कुलदैवत, तळी भरायला घरचे सगळे हवेत, हा आजीचा नियम. त्यात सूट नाही. मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला भरीत आणि रोडग्याचा नैवेद्य, भंडारा, खोबरं, येळकोट. सहा वर्षं दोघे भाऊ तळीला हात लावतात, येळकोट म्हणतात, आणि जेवायला वेगवेगळ्या पंगतीला बसतात.

गेल्या वर्षी आजीने नवीनच काढलं. देवापुढे अंथरायच्या घोंगडीला कसर लागली होती, जागोजागी भोकं. आजीने दोन वर्षं, दिसतंय थोडं, ऐकू येतंय त्याहून थोडं, अशा अवस्थेत सूत काढून ठेवलं होतं. काळं, मध्ये करड्या पट्ट्यांपुरतं वेगळं. षष्ठीच्या आदल्या दिवशी ती म्हणाली, सगळी आलीच हाईत तर उद्या ताण्याला खळ लावून घ्या.

ज्यांनी हे पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. ताणा म्हणजे उभे धागे. मागावर चढवायच्या आधी ते उघड्यावर लांबच्या लांब ताणून धरायचे आणि चिंचोके दळून शिजवलेली खळ कुंच्याने त्यावर चोपडायची. त्याने धाग्याची कुसं बसतात, धागा कडक होतो आणि फणीच्या घासण्याने तुटत नाही. खळ ओली असताना धागे एकमेकांना चिकटतात, म्हणून कुंचा फिरवत राहायचं, सुटे करत राहायचं, ऊन चढेपर्यंत. आमच्याकडे हे एकट्याने कधीच झालं नाही. दोन्ही टोकांना जाणती माणसं लागतात, ताण कमीजास्त झाला की सगळं बिघडतं.

आणि जाणती माणसं घरात दोनच उरलीत. चुलतभाऊ एका टोकाला उभा राहिला, पण दहा मिनिटांत धागे लोंबायला लागले. तो बिचारा कॉल सेंटरला रात्रपाळी करतो, त्याला काय माहीत. आण्णा ओसरीवर पेपर वाचत होते. ते उठले, चप्पल काढली, आणि त्याच्या हातातून टोक घेतलं. दुसऱ्या टोकाला तात्या होते.

मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. तासाभरात मी ऐकलेली वाक्यं अशी: "जरा ढिला सोड." "डाव्या अंगानं वढ." "बास." "खळ पातळ झालीय." मधे अंगणभर पसरलेला तो ताणा, काकू आणि आई दोन बाजूंनी कुंचे फिरवतायत, पोरं खालून वाकून पळतायत आणि शिव्या खातायत. वाळल्यावर ताणा गुंडाळला, हात धुतले, आणि दोघे आपापल्या पंगतीला जेवले. बस.

हे तुम्हाला फार थोडं वाटेल. मलाही वाटलं होतं. पण रात्री ज्ञानेश्वरी उघडली तर सातव्या अध्यायात हाच श्लोक. माउलींनी तिथे एक शब्द आपल्या पदरचा घातलाय. त्यांचे मणी सोन्याचे आणि दोराही सोन्याचाच. मूळ श्लोकात मणी वेगळे आणि दोरा वेगळा असं वाटू शकतं, म्हणजे जग वेगळं आणि त्याला बांधणारा देव वेगळा. माउली ती फटच ठेवत नाहीत. जे ओवलंय तेच, ज्यात ओवलंय ते. आजीच्या भाषेत, लोकरीत लोकर. तिथे गाठ लागतच नाही.

माझ्या कामातलं एक उदाहरण देते, राग मानू नका. आम्ही माहिती साठवताना लिंक्ड लिस्ट नावाचा एक प्रकार वापरतो. त्यात प्रत्येक घराकडे फक्त पुढच्या घराचा पत्ता असतो. एकाने पत्ता हरवला की पुढची सगळी घरं हरवली, असूनही नसल्यासारखी. नाती आपण अशीच धरतो. त्याने फोन केला तर मी करीन, तो बोलला तर मी बोलेन. माळ मात्र अशी नसते. एका मण्याला शेजारचा मणी माहीतही नसला तरी चालतं, कारण धरून ठेवायचं काम मण्यांचं नाही. दोरा प्रत्येकाच्या पोटातून गेलेला आहे. आण्णा आणि तात्या एकमेकांना धरून नव्हते त्या दिवशी. दोघांनी ताणा धरला होता.

यावर कुणी म्हणेल, मग बरंच झालं, सगळं ओवलेलंच आहे तर समेट कशाला, प्रयत्न कशाला? हा प्रश्न खरा आहे आणि मी तो टाळणार नाही. मला जेवढं उमगलंय तेवढं सांगते. ताणा आधीपासून असतो, तो काही विणकर रोज तयार करत नाही. पण आडवा धागा प्रत्येक वेळी धोट्याने घालावाच लागतो, हाताने. नुसत्या ताण्यावर कुणाला निजता येत नाही. सहा वर्षं तो आडवा धागा कोण घालत होतं, हे मला त्या दिवशी दिसलं. दर चंपाषष्ठीच्या आधी आजी शेजारच्या पोराकडून नंबर लावून घेऊन दोघांच्याही घरी फोन करायची, आणि एकच वाक्य म्हणायची, "येतायसा न्हवं?" तिला गीता वाचता येत नाही. अक्षरओळख नाही.

तात्यांनी पौषात घोंगडी विणून पूर्ण केली. आण्णांनी ती पाहायला म्हणून एकदा गावी चक्कर मारली, मुक्काम न करता. बोटांनी कड चाचपली आणि म्हणाले, "फणी सैल झालीय त्याची." आईने हे तात्यांना कळवलं. तात्यांनी फणी बदलली. भिंतीचं अजून काही ठरलेलं नाही, मोजणीची तारीख यायची आहे, खड्डा आहे तिथेच आहे. आजीने पुन्हा पेळू करायला घेतलेत. कशासाठी ते ती सांगत नाही.

उद्या आठवा श्लोक, पाण्यातली चव आणि चंद्रसूर्यांची प्रभा. ज्यांना जमेल त्यांनी त्याआधी आजचा श्लोक एकदा मोठ्याने म्हणावा, 'प्रोत' या शब्दावर थोडं रेंगाळून.

राम कृष्ण हरी.