मेंदूची सबब आणि अंतःकरणाचा हिशेब

पूर्वी हातून पाप घडले की लोक म्हणत, सैतानाने बुद्धी फिरवली. आता म्हणतात, मेंदूतले रसायन बिघडले. मोबाइल हातातून सुटत नाही, त्याला कारण डोपामिन. मुलगा आईला उलट बोलतो, त्याला कारण किशोरवयीन मेंदू. नवरा बायकोवर हात उगारतो आणि ‘डोक्यावर ताबा राहिला नाही’ एवढे सांगून मोकळा होतो. मेंदूचे शास्त्र सामान्यांच्या घरात आले, याचा आनंदच मानावा. पण उंबरठा ओलांडताना ज्ञानाची सबब झाली असेल, तर श्रद्धावंताने थबकले पाहिजे.

कुरआनच्या सूरह इब्राहीममध्ये (आयत 22) निवाड्याच्या दिवसाचे एक दृश्य आहे. ज्यांनी आयुष्यभर सैतानाकडे बोट दाखवले, त्यांना तो स्वतःच झिडकारतो: माझी तुमच्यावर सत्ता नव्हती, मी केवळ बोलावले आणि तुम्ही आलात, तेव्हा दोष स्वतःला द्या, असा त्याच्या बोलण्याचा आशय आहे. जी सबब सैतानाच्या नावाने चालली नाही, ती मेंदूच्या नावाने कशी चालेल? मेंदू तर परका नाही. राग त्याच्यातून उठतो, तसा सजद्यात झुकण्याचा निश्चयही त्याच्यातूनच उठतो. मात्र रागाचे खापर मेंदूवर फोडणारा माणूस जकातीचे श्रेय स्वतःकडेच ठेवतो. एखाद्या कृत्याचे शरीरातले कारण सापडले, म्हणून कर्ता नाहीसा होत नाही.

यावर शिकलेला तरुण अमेरिकी शास्त्रज्ञ बेंजामिन लिबेट यांचा 1983 सालचा प्रयोग पुढे करतो. लोकांना मनाला येईल तेव्हा मनगट हलवायला सांगितले होते. हालचालीपूर्वी सुमारे अर्धा सेकंद मेंदूत विद्युत हालचाल सुरू होत असे. ‘आता हलवावे’ ही जाणीव मात्र सुमारे 200 मिलिसेकंद आधी होई. यावरून इच्छास्वातंत्र्य हा भ्रम आहे, असा निष्कर्ष लोकांत पसरला. खुद्द लिबेट यांनी तो काढला नव्हता. जाणीव झाल्यानंतरही उठलेली ऊर्मी रोखण्यास माणसाला अवधी उरतो, असे त्यांचे मत होते. पुढे 2012 मध्ये काही संशोधकांनी, ती विद्युत हालचाल म्हणजे आधीच घेतलेला निर्णय नसून मेंदूतील सहज चढउतार असू शकतात, असे दाखवले. शास्त्रज्ञांत चर्चा चालू असताना आपण निकाल लावून बसलो.

ऊर्मी आणि कृती यांमधला हा अवकाश आपल्या धर्मशिक्षणाला परिचित आहे. मनात येणारे विचार, ते उच्चारले वा आचरले जात नाहीत तोवर, क्षमेस पात्र आहेत, अशी प्रेषितांची (स.) शिकवण आहे, आणि वाईटाचा बेत करून जो अल्लाहसाठी मागे फिरतो, त्याच्या नावे पूर्ण पुण्य लिहिले जाते. म्हणून हदीसने हा प्रयोग आधीच सांगितला होता, असा डंका मात्र पिटू नये. प्रयोगशाळेच्या दाखल्याने हदीस खरी ठरत नाही. तसे मानले, तर उद्या दाखला बदलल्यावर आपण काय करणार?

मग मेंदूचा आजार ही सबबच का? मुळीच नाही. झोपलेला माणूस, अजाण मूल आणि बुद्धी हरपलेला माणूस या तिघांवरून लेखणी उचलली आहे, असे हदीस सांगते. शरीअतची जबाबदारी ‘अक्ल’वर उभी आहे, ती जिथे खचते, तिथे जबाबदारीही हलकी होते. तीव्र नैराश्याच्या रुग्णाला ‘तुझे ईमान कच्चे’ म्हणणे, फेफऱ्याच्या मुलीला डॉक्टरांऐवजी मांत्रिकाकडे नेणे, हा जुलूम आहे. आणि ज्याची बुद्धी शाबूत आहे, पण ज्याला संयम इतरांहून जड जातो, त्याचे काय? अल्लाह कुणावर कुवतीबाहेरचे ओझे टाकत नाही, आणि अडखळत, कष्टाने कुरआन वाचणाऱ्याला दुहेरी पुण्य आहे. अडचण कर्तव्य पुसत नाही. ती प्रयत्नाचे मोल वाढवते.

या शास्त्राचा दुसरा गैरवापर याहून घातक आहे. मेंदूच्या चित्रातले रंग म्हणजे विचारांचे छायाचित्र, असे लोकांना वाटते. वस्तुतः एफएमआरआय रक्तातील प्राणवायूचा बदल मोजतो आणि रंग संगणक गणिताने भरतो. तरी यंत्राचा शब्द म्हणजे सत्य, ही समजूत न्यायालयापर्यंत पोचली. 2008 मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खून खटल्यात शिक्षा देताना मेंदूच्या विद्युत चाचणीचा आधार घेतला. अखेर 5 मे 2010 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी खटल्यात ठरवले की नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूची चाचणी कोणावरही सक्तीने करता येणार नाही.

युद्धात कलमा उच्चारणाऱ्या शत्रूला, तो भीतीपोटी बोलतो आहे असे समजून, हजरत उसामा (रजि.) यांनी ठार केले. तेव्हा त्याचे हृदय चिरून आत पाहिले होते काय, असे प्रेषितांनी (स.) त्यांना विचारले. हा प्रश्न आज तारा लावलेल्या टोपीलाही लागू आहे. संशय आणि हेरगिरी यांना सूरह अल-हुजुरातने (आयत 12) मनाई केली आहे. ती मनाई दुसऱ्याच्या दारापाशी थांबत नाही, त्याच्या अंतःकरणालाही कुंपण घालते.

आपण मात्र वजनकाटे उलटे धरले आहेत: स्वतःसाठी मेंदूची सबब, दुसऱ्यासाठी मेंदूचा आरोप. दीन शिकवतो की स्वतःचा हिशेब कठोरपणे घ्यावा, आजाऱ्याला सवलत आणि उपचार द्यावेत, आणि दुसऱ्याच्या मनाचा निवाडा त्याच्याकडे सोपवावा, ज्याच्यापासून छातीत दडलेले काहीही लपलेले नाही. अल्लाह आपणा सर्वांना ज्ञान देवो आणि त्या ज्ञानाआड लपण्यापासून वाचवो. आमीन.