लेकराकडून हरण्याची इच्छा

आई किंवा बाप आणि मूल एकाच लांब पल्ल्याच्या शर्यतीत उतरतात, तेव्हा अपत्याविषयीचा एक जुना तात्त्विक प्रश्न रस्त्यावर येतो. मूल म्हणजे जन्मदात्याचेच पुढे चाललेले आयुष्य, की स्वतःच्या बळावर धावणारा दुसरा माणूस? पहिले उत्तर मानले तर दोघांत स्पर्धा संभवतच नाही. दुसरे मानले, तर मुलाच्या विजयाने बापाचा ऊर भरून येतो तसा परक्याच्या विजयाने का येत नाही, हे सांगावे लागते.

हा प्रश्न मॅरेथॉनमध्ये जितकी वर्षे टिकतो, तितका कुस्तीत किंवा शंभर मीटरच्या धावेत टिकत नाही. झटक्याची ताकद वयाबरोबर लवकर ओसरते. मुलगा भरात येईपर्यंत बाप आखाड्याबाहेर गेलेला असतो. दमसास मात्र हळूहळू उतरतो. सराव अखंड असेल तर साठीकडे झुकलेला माणूसही ४२.१९५ किलोमीटर तिशीतल्या मुलाच्या बरोबरीने धावू शकतो. ऑक्टोबर २०१९ मध्ये फ्रँकफर्टला हे दिसले. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन धावलेले उत्तर आयर्लंडचे टॉमी ह्यूज ५९ व्या वर्षी २ तास २७ मिनिटे ५२ सेकंदांत पोचले आणि त्यांचा मुलगा ओवेन २ तास ३१ मिनिटे ३० सेकंदांत. दोघांची मिळून वेळ ४ तास ५९ मिनिटे २२ सेकंद भरली. पिता-पुत्रांच्या जोडीचा तो विश्वविक्रम ठरला. या बेरजेत आधी कोण पोचले याला काही किंमत नाही. पण बेरीज कमी व्हायची, तर प्रत्येकाने आपापल्या परीने जीव तोडून धावावे लागते. मुलासाठी बाप थांबला असता, तर विक्रम दोघांच्याही हातून गेला असता.

प्राचीन विचारवंतांनी पिढ्यांचा क्रम समजावताना धावण्याचाच आधार घेतला आहे. प्लेटोने ‘लॉज’ या संवादात अपत्यांना जन्म देणे आणि वाढवणे म्हणजे मशालीसारखे आयुष्य पुढच्याच्या हाती देणे, असे म्हटले. अथेन्समध्ये मशालीच्या शर्यती प्रत्यक्ष होत असत. पण मशाल दिली की देणाऱ्याचे धावणे संपते. उपनिषदांतही असेच सोपवणे आहे. बृहदारण्यक आणि कौषीतकी या दोन्ही उपनिषदांत मरणासन्न पिता आपली वाणी, प्राण, कर्मे मुलाच्या ठायी ठेवतो आणि मुलगा ती स्वीकारतो, असा विधी सांगितला आहे. कौषीतकीकाराला पुढची अडचणही सुचली, हे विलक्षण आहे. सारे सोपवून झाल्यावर पिता बरा झाला तर? तर त्याने मुलाच्या सत्तेखाली राहावे किंवा परिव्राजक होऊन निघून जावे. मुलाच्या बरोबरीने चालत राहण्याचा मार्ग तिथे सांगितलेला नाही. लांब पल्ल्याची शर्यत हा तो तिसरा मार्ग आहे, आणि परंपरेने त्याचा विचार फारसा केलेला नाही.

बरोबरीच्या सर्वांत जवळ जाते ते एक प्रसिद्ध संस्कृत सुभाषित. सगळीकडे जय इच्छावा, पुत्र आणि शिष्य यांच्याकडून मात्र पराजय इच्छावा, असा त्याचा आशय. या इच्छेची खरी कसोटी महाभारताच्या आश्वमेधिक पर्वात लागते. यज्ञाच्या घोड्यामागून अर्जुन मणिपूरला पोचतो. तिथला राजा बभ्रुवाहन हा त्याचा आणि चित्रांगदेचा मुलगा. तो भेटी घेऊन नम्रपणे सामोरा येतो, तेव्हा अर्जुन सुखावत नाही, रागावतो. क्षत्रियाने लढायला यावे असे त्याला सुनावतो. अर्जुनाची दुसरी पत्नी, नागकन्या उलूपी हिच्या प्रेरणेने मुलगा लढतो. त्याचा पराक्रम पाहून अर्जुन संतोषतो, हात आखडता घेतो आणि बाण लागून कोसळतो. नंतर उलूपी मण्याच्या प्रभावाने त्याला जिवंत करते आणि त्याची समजूत घालते: पुत्र म्हणजे आत्माच, म्हणून तू त्याच्याकडून हरलास.

ही समजूत मायेची आहे, पण अपुरी आहे. मुलाचा विजय तिने पुन्हा बापाच्या खात्यात जमा केला. मुलाला स्वतंत्र माणूस मानणारी कृती अर्जुनाच्या रागात आहे. ‘लढ’ या आज्ञेत. आखडता घेतलेला हात तीच कृती अर्धवट सोडतो, कारण हातचे राखून हरणाऱ्याने मुलाला विजय दिलेला असतो, मुलाने तो मिळवलेला नसतो. हरण्याची इच्छा प्रामाणिक असायची, तर जिंकण्याचा प्रयत्नही पुरा असावा लागतो.

दोघांत स्पर्धाच शक्य नसेल, तिथे प्रश्न वेगळा होतो. अमेरिकेतील रिक हॉईट यांना जन्मापासून सेरेब्रल पाल्सी होती. १९७७ पासून वडील डिक त्यांना चाकांच्या खुर्चीत बसवून, ती ढकलत धावू लागले. २०१४ पर्यंत बोस्टन मॅरेथॉनमध्ये ही जोडी दिसत राहिली. त्या शर्यती कोण धावले? गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. पाय डिक यांचे होते, पण पहिल्या शर्यतीत उतरण्याची इच्छा रिक यांची होती. गीतेच्या मोजणीने हे कर्म एकट्या पायांच्या मालकाचे ठरत नाही.

धोका आहे तो बाप रस्त्याकडेला, घड्याळ घेऊन उभा असतो तिथे. चिनी तत्त्वज्ञ मेन्शियसने म्हटले होते की जाणत्याने आपल्या मुलाला स्वतः शिकवू नये. चूक सुधारताना राग येतो, मुलगा बापाच्याच वागण्याकडे बोट दाखवतो आणि प्रेम दुखावते. म्हणून पूर्वीचे लोक मुलांची अदलाबदल करून शिकवत. नॉर्वेच्या येर्ट इंगेब्रिग्टसन यांच्या हेन्रिक, फिलिप आणि याकोब या तीन मुलांनी १५०० मीटरमध्ये युरोपीय विजेतेपदे मिळवली, वडिलांच्याच प्रशिक्षणाखाली. २०२३ मध्ये याच मुलांनी वडिलांवर हिंसेचे आणि धाकाचे जाहीर आरोप केले. २०२५ मध्ये न्यायालयाने याकोबसंबंधीच्या आरोपांतून वडिलांची मुक्तता केली. मुलीला टॉवेलने मारल्याबद्दल मात्र दोषी धरले. निकालाच्या पलीकडे, तुटलेले घर सर्वांना दिसले. जो बाप स्वतः धावतो, त्याचा दम मुलासमोरच संपत असतो. त्याच्या आज्ञेला तिथेच मर्यादा पडते. अर्थात मुलाला नाही म्हणता आले पाहिजे. पूर्ण मॅरेथॉनला अठरा वर्षांची अट अनेक ठिकाणी असते, ती वैद्यकीय दृष्टीने जितकी योग्य तितकीच नैतिक दृष्टीनेही.

राहतो एक व्यवहारातला धर्मप्रश्न. बत्तीस-तेहतीस किलोमीटरनंतर बापाचे पाय जड झाले, तर मुलाने थांबावे की पुढे जावे? प्रकृतीला धोका असेल तर थांबावे, यात दुमत नको. तिथे शर्यत उरतच नाही. केवळ वेग मंदावला असेल, तर पुढे जावे. मागे राहिलेल्याने ‘थांब’ म्हणू नये.

या साऱ्या चर्चेत आई आणि मुलगी जवळपास नाहीत, ही तिची मोठी उणीव आहे. कारण काही अंशी धावण्याच्या इतिहासातच आहे. बोस्टनने स्त्रियांना अधिकृत प्रवेश १९७२ मध्ये दिला आणि ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची मॅरेथॉन १९८४ साली लॉस एंजेलिसला प्रथम झाली. स्वतः स्पर्धेत धावलेल्या आयांच्या मुली मोठ्या संख्येने शर्यतीत उतरल्या, त्या त्यानंतरच. मुलीकडून हरण्याची इच्छा आईने धरावी का, आणि जिला स्वतःलाच उशिरा धावू दिले गेले तिच्यासाठी त्या हरण्याचा अर्थ बापाच्या हरण्यासारखाच असतो का, याचे उत्तर पिता-पुत्रांवर बेतलेल्या ग्रंथांतून निघणार नाही. ते धावणाऱ्या स्त्रियांच्या अनुभवातून मांडावे लागेल.