प्रिफिक्स कोणासाठी?

शर्वरी : माधवदादा, माझी फाइल चुकलेली नाही. १९९९ साली डब्ल्यूथ्रीसीने नियम घालून दिला, की नेमस्पेसची ओळख तिच्या यूआरआयवरून पटते आणि प्रिफिक्स हे त्या फाइलपुरतं टोपणनाव. पायथनच्या एलिमेंटट्रीने माझं एसव्हीजी वाचून परत लिहिताना प्रत्येक टॅगमागे 'एनएस०' लावलं. यूआरआय जिथल्या तिथे आहे. मग दुरुस्ती कसली करायची?

माधव : चित्र दिसतं का?

शर्वरी : फाइल स्वतंत्र उघडली तर दिसतं. वेबपानाच्या मजकुरात चिकटवली की गायब.

माधव : दिसणार नाहीच. एचटीएमएलचा पार्सर तुझा प्रिफिक्स सोडवत बसत नाही. त्याला नुसता 'एसव्हीजी' टॅग कळतो. 'एनएस०:एसव्हीजी' हा त्याच्या लेखी कुठलासा अनोळखी टॅग. त्याचे नियम वेगळे, म्हणून त्याला दोष देता येत नाही.

शर्वरी : तो सोडा. पण एक्सएमएल वाचतो म्हणवणारा जेव्हा यूआरआय न पाहता 'ॲटम:लिंक' ही अक्षरंच शोधतो, तेव्हा? त्याच्यासाठी मी प्रिफिक्स सांभाळला, तर तो कधीच सुधारणार नाही. त्याच्या आळसाचा भार माझ्या स्क्रिप्टने का वाहायचा?

माधव : तो सुधारणार नाही, हे मला मान्य आहे आणि ते मला खुपतंही. पण 'रजिस्टर_नेमस्पेस'ची एक ओळ लिहिलीस, तर नियमाच्या दृष्टीने काहीच बिघडत नाही. दोन्ही रूपं सारखीच खरी असताना समोरच्याला वाचता येईल ते निवडलं, यात तत्त्व कुठे सुटलं? शिवाय प्रिफिक्स निव्वळ टोपणनाव राहिलाय, हेच मला पटत नाही. 'एक्सएसआय:टाइप'ची किंमत 'एक्सएस:स्ट्रिंग' अशी असते ना? ती ॲट्रिब्यूटच्या किमतीत असल्यामुळे एलिमेंटट्रीला ती नुसती अक्षरं वाटतात. टॅगांच्या किंवा ॲट्रिब्यूटांच्या नावांत 'एक्सएस' कुठे वापरलेला नसला, की परत लिहिताना त्याची घोषणाच गळते. फाइल बिनतक्रार पार्स होते आणि 'एक्सएस' म्हणजे कोण, हे सांगणारं तिच्यात काही उरत नाही. म्हणून तर २००१च्या कॅनॉनिकल एक्सएमएलने सगळे प्रिफिक्स एकसारखे करण्याचा मोह टाळला.

शर्वरी : म्हणजे नियमाने ज्याला गौण म्हटलं, त्याच्यावर लोकांनी अर्थ लादला आणि आता तो लिहिणाऱ्याने जपायचा.

माधव : हो. तो अर्थ कुणाच्या तरी कामाचा आहे.

शर्वरी : मग थांबायचं कुठे? उद्या कोणी म्हणालं, आमच्या प्रोग्रामला यूआरआयच्या शेवटी स्लॅश लागतो, तेवढा जोडून द्या.

माधव : तिथे मी ठाम नकार देईन. यूआरआयची तुलना अक्षराला अक्षर लावून होते; एका स्लॅशने नेमस्पेसच दुसरी होते. प्रिफिक्स बदलून तू तेच सांगत असतेस. स्लॅश जोडलास, तर नियम पाळणाऱ्या प्रत्येक वाचकाला खोटं सांगशील, आणि तेही ज्याने नियम वाचला नाही त्याच्या सोयीसाठी.

शर्वरी : हे पटलं. एसव्हीजीला रिकामा प्रिफिक्स नोंदवते. आणि 'एक्सएसआय:टाइप'वाल्या फाइलींसाठी एलएक्सएमएल घेते. मुळातल्या घोषणा ते जपतं.

माधव : घे. पण तयार झालेली फाइल एकदा उघडून 'एक्सएस'ची घोषणा शाबूत आहे ना, ते स्वतः पाहा.