फळा न दिसणारे मूल

मागच्या बाकावरून ज्या मुलाला फळा धूसर दिसतो, त्याला ‘घ’ आणि ‘ध’ सारखेच वाटतात. ‘भ’ आणि ‘म’ यांतली गाठ दिसत नाही. दिसते तसे ते वहीत उतरवते, बाई लाल शाईने खुणा करतात आणि पालकसभेत आईला सांगितले जाते, “याचे अभ्यासात लक्षच नसते.” हे पुन:पुन्हा ऐकून मुलालाही ते पटते. ते हात वर करायचे सोडून देते. पुढे कधीतरी कुणी त्याला सहा मीटरवरच्या तक्त्यासमोर उभे करते, तेव्हा कळते की लक्ष होते, नजर कमी पडत होती. चष्मा मिळाला की अक्षरे स्पष्ट होतात; आपण मठ्ठ आहोत ही मनात बसलेली समजूत मात्र तेवढ्याने जात नाही.

या मुलाचा प्रश्न आरोग्याचा की शिक्षणाचा? सरकारी दप्तरात त्यासाठी दोन वेगळी खाती आहेत. मुलाच्या अंगात अशी खाती नसतात. भूक, ताप, भीती, उत्सुकता हे सगळे घेऊनच ते वर्गात येते आणि त्या सगळ्यासकट शिकते.

आपल्याकडे ही जाण नवी नाही. सयाजीराव गायकवाडांनी १९०६ मध्ये बडोदा संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले आणि १९०९ मध्ये बडोदा शहरात शाळकरी मुलांची वैद्यकीय तपासणी झाली. भारतातल्या शालेय आरोग्यसेवेची सुरुवात तिथून मानली जाते. मुलांना शाळेत येण्याची सक्ती करणाऱ्या राज्याने त्यांच्या प्रकृतीचीही जबाबदारी घ्यायला हवी, असा अर्थ मी त्यातून घेतो. पुढे १९४५ मध्ये ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीत बालशिक्षणाचे काम सुरू केले, तेव्हा मुलांची स्वच्छता हा त्यांच्या शिक्षणाचाच भाग होता. नखे कापणे, केस विंचरणे हा त्यांच्या लेखी अभ्यासाच्या आधी उरकायचा सोपस्कार नव्हता.

आज योजनांची कमतरता नाही. शाळेत धान्य वाटण्याऐवजी शिजवलेले अन्न द्या, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये दिला. त्यातून आलेल्या खिचडीने कितीतरी घरांतल्या मुलांना दिवसातले एक जेवण खात्रीचे केले. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने, सहावी ते आठवीच्या मुलाला ७०० उष्मांक आणि २० ग्रॅम प्रथिने, हे आता ठरलेले प्रमाण आहे. २०१३ मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ महाराष्ट्रातल्या पालघरमधून झाला. वर्षातून एकदा डॉक्टरांचे पथक शाळेत यावे, जन्मजात व्यंगे, जीवनसत्त्वांची उणीव, आजार आणि वाढीतला विलंब तपासावा, अशी त्याची रचना आहे. किशोरवयीन मुलामुलींना आठवड्याला लोहाची निळी गोळी मिळते. यांतली कोणतीही योजना मी कमी लेखत नाही.

माझी तक्रार नोंद आणि काळजी यांच्यामध्ये पडणाऱ्या अंतराबद्दल आहे. पथक येते, तपासते, कार्डावर ‘पुढील उपचारासाठी ग्रामीण रुग्णालय’ असे लिहून जाते. तिथे जायचे तर आईची एका दिवसाची मजुरी बुडते, भाडे लागते, आणि मुलाला तर वरवर काहीच झालेले नसते. बीड किंवा अहिल्यानगर भागातल्या ऊसतोड कुटुंबांचे पाहा. मुलाची तपासणी पावसाळ्यात गावातल्या शाळेत होते आणि दिवाळीच्या सुमाराला कुटुंब कारखान्याच्या परिसरात फडावर जाते. कार्ड शाळेच्या कपाटात राहते, मूल कोपीत. अहवालात मात्र ते ‘तपासलेले’ म्हणून मोजले गेलेले असते. किती मुले तपासली हे आपण विचारतो. किती जणांच्या डोळ्यांवर चष्मा आला, किती जणांचा वाहणारा कान बरा झाला, हेही तितक्याच आग्रहाने विचारले पाहिजे.

लोहाच्या गोळीचेही तसेच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातल्या १५ ते १९ वयाच्या सुमारे ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आहे. म्हणजे वर्गात पेंगणारी, पायऱ्या चढताना धापा टाकणारी, गणितात मध्येच हरवणारी मुलगी आळशी असेलच असे नाही. पण रिकाम्या पोटी गोळी घेतली की मळमळते, एकीला उलटी झाली की दहाजणी घाबरतात आणि गोळ्या खिडकीबाहेर जातात. जिथे बाई जेवणानंतर स्वतः मुलींसोबत गोळी घेतात, मळमळ का होते हे समजावून सांगतात, तिथे ती भीती ओसरते. दोन्हीकडे गोळी तीच असते.

काही गोष्टींना तर पैसाही लागत नाही. स्वच्छतागृह वापरण्यासारखे नसेल तर मुली सकाळपासून पाणीच पीत नाहीत. डोके दुखते, लघवीचा संसर्ग होतो, पाळीच्या दिवसांत शाळा बुडते. केरळमधल्या शाळांनी २०१९ मध्ये पाणी पिण्यासाठी वेगळी घंटा सुरू केली. त्या घंटेचा खरा उपयोग मला वेगळाच वाटतो. पाण्यासाठी घंटा द्यायची ठरले की स्वच्छतागृहाकडे काणाडोळा करता येत नाही.

मनाच्या आरोग्याबाबत तर आपण अजून उंबरठ्यावरच आहोत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीप्रमाणे २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. त्यांतले १,७६४ महाराष्ट्रातले होते, सर्व राज्यांत सर्वाधिक. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थांत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक असावा, असे निर्देश दिले. लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी जोडून घ्यावे, असेही म्हटले. पण आपल्या हजारो जिल्हा परिषद शाळांचा पट विसाच्या आत आहे. वस्तीवरच्या अशा शाळेला बाहेरचा तज्ज्ञ कुठे सापडणार?

इथे शिक्षकांचा आक्षेप येतो आणि तो खरा आहे. मतदारयाद्या, सर्वेक्षणे, रोज ऑनलाइन भरायची माहिती यांतून शिकवायलाच वेळ उरत नाही. त्यात आता दवाखानाही आम्हीच चालवायचा का? माझे उत्तर नाही असे आहे. गोळ्यांचा हिशेब, रुग्णालयाची भेट ठरवणे, पालकांना घेऊन जाणे ही कामे शिक्षकाच्या गळ्यात मारणे अन्यायाचे आहे. त्यासाठी प्रत्येक केंद्राला, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटाला मिळून, एक पूर्णवेळ आरोग्यसेविका आणि एक समुपदेशक हवा. तपासणीत सापडलेल्या प्रत्येक मुलाचा उपचार पुरा होईपर्यंत पाठपुरावा ही त्यांची जबाबदारी असावी. आरोग्याचे कार्ड शाळा सोडल्याच्या दाखल्यासारखे मुलाबरोबर फिरावे, म्हणजे फडाजवळच्या शाळेत तपासणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होणार नाही.

एक काम मात्र शिक्षकाखेरीज कुणीच करू शकत नाही. डॉक्टरांचे पथक मुलाला वर्षातून काही मिनिटे पाहते, शिक्षक त्याला रोज पाहतात. कालपर्यंत बडबडणारी मुलगी आज गप्प का, डबा न उघडता परत का जातो, मागच्या बाकावरचे मूल डोळे बारीक का करते, हे त्यांनाच दिसते. पण ते दिसायला शिक्षकाची मान वर असावी लागते, तक्त्यात आणि मोबाइलवर माहिती भरण्यात खाली झुकलेली नसावी. शिक्षकाचा वेळ वर्गाला परत देणे हादेखील आरोग्याचा कार्यक्रम आहे.

त्या मुलाच्या वहीत ‘घ’ च्या जागी ‘ध’ येईल, तेव्हा लाल खूण करण्याआधी बाईंना एवढेच विचारायची सवड मिळावी: “बाळा, पुढे येऊन बसतोस? इथून दिसतंय का?”