हैदराबाद पलटणीतले पणजोबा

जालना आणि हिंगोली, दोन्हीकडे एके काळी इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीतल्या फौजेच्या छावण्या होत्या. चारठाणा या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात येते. जिंतूर तालुक्यातले हे गाव यादवकालीन देवळांसाठी आणि उंच कोरीव स्तंभासाठी ओळखले जाते. फौजेशी त्याचे नाव कुणी जोडत नाही. तरी या भागात एखाद्या घरी सहज कानावर येते, ‘आमचे पणजोबा पलटणीत होते, जहाजातून लढाईला गेले होते.’ कुठली पलटण, असे विचारले तर उत्तर ठरलेले: हैदराबादची. शोध इथेच वाट चुकतो.

कारण हैदराबादच्या नावाने निदान दोन फौजा होत्या. एक निजामाची स्वतःची. दुसरी हैदराबाद काँटिंजंट. तिच्यावर अंमल इंग्रजांचा, खर्च निजामाचा, आणि १८५३च्या तहाने त्या खर्चापोटी वऱ्हाडचा महसूल इंग्रजांनी आपल्या ताब्यात घेतलेला. हिंगोली, जालना, औरंगाबाद, मोमिनाबाद म्हणजे आजचे अंबाजोगाई, आणि एलिचपूर ही काँटिंजंटची ठाणी. हिंगोलीत रिसाला, पलटण, तोफखाना, पेन्शनपुरा ही वस्त्यांची नावे अजून रुळलेली आहेत. (एखाद्या गावचा लष्करी इतिहास वाचायचा तर मी आधी मोहल्ल्यांची नावे वाचेन, गॅझेटिअर नंतर.) १९०२मध्ये व्हाइसरॉय कर्झनने वऱ्हाडच्या कायमच्या पट्ट्याचा करार करून घेतला आणि पुढच्याच वर्षी काँटिंजंट हिंदी सैन्यात विरघळली. तिच्या पायदळ पलटणींना ९४ ते ९९ हे क्रमांक मिळाले. घोडदळातून निघाली २० वी डेक्कन हॉर्स आणि तिच्या दोन बहिणी. निजामाकडे उरलेल्या फौजेतले इम्पीरियल सर्व्हिस लान्सर्स पहिल्या महायुद्धात सुवेझ आणि पॅलेस्टाइनकडे गेले. दिल्लीच्या तीन मूर्ती चौकातल्या तिघा शिपायांपैकी एक हैदराबादचा आहे तो त्यांच्यामुळे. बाकीचे दोघे जोधपूर आणि म्हैसूरचे.

म्हणजे या पलटणींच्या नावांत दख्खन आहे, हैदराबाद आहे, वऱ्हाडही आहे. माणसे मात्र बऱ्याच अंशी तिथली नव्हती. ‘लढाऊ जाती’ नावाच्या त्या विचित्र शास्त्राने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भरतीचा सारा ओघ उत्तरेकडे वळवला. १४ जुलै १९१६ रोजी फ्रान्समध्ये सोमच्या रणभूमीवर डेक्कन हॉर्सने भाले रोखून घोडे घातले, तेव्हा खोगिरावर दख्खनी मुसलमानांच्या बरोबरीने शीख आणि जाट होते. पायदळातही जाट, राजपूत, अहिर आणि दख्खनी मुसलमान असा मेळ होता. १९२२मध्ये यातल्या बहुतेक पलटणी मिळून १९ वी हैदराबाद रेजिमेंट झाली, तिच्यात कुमाऊंनी शिपाई वाढत गेले, आणि १९४५मध्ये तिचे नाव कुमाऊं रेजिमेंट पडले. तिचे केंद्र आज रानीखेतला आहे. चारठाण्याहून निघालेला माग असा हिमालयात जाऊन पोचतो, आणि तिथे आपल्या गावचे कुणी भेटण्याची आशा थोडीच.

तेव्हा पणजोबा किती शूर होते याच्या आधी घराण्याची जात विचारावी लागते. मला हे रुचत नाही, पण त्या सैन्याचे दप्तरच जातीवर बांधलेले आहे. घर दख्खनी मुसलमानाचे असेल तर काँटिंजंटच्या पलटणी आणि रिसाले आधी पाहावेत. मराठ्याचे असेल तर मुंबई इलाख्यातल्या मराठा पलटणी. मात्र भरती करणाऱ्यांचा डोळा सातारा, पुणे, रत्नागिरीवर असे, मराठवाड्यावर नव्हे. महारांना तर एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात दार बंद झाले. १९१७मध्ये गरज पडली तेव्हा १११ वी महार पलटण उभी राहिली, १९२१मध्ये गरज सरली आणि ती मोडली.

आणि पणजोबा यातल्या कशातच बसत नसतील तर? मग ते बहुधा शिपाई नव्हते. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून साडेपाच लाखांहून अधिक माणसे बंदुकीवाचून भरती झाली: खेचरे हाकणारे, मोतद्दार, भिस्ती, स्वयंपाकी, डोली वाहणारे, झाडूवाले, हमाल. मेसोपोटेमियात तर तुरुंगातले कैदीही मजुरीला नेले. घरच्या सांगण्यात हे सगळे ‘पलटणीत’ होते, आणि माझ्या मते ते सांगणे खोटे नाही. खेचरावाचून तोफ हलत नव्हती.

पंजाबातून गेलेल्या सुमारे ३ लाख २० हजार जणांच्या गाववार नोंदवह्या लाहोरच्या संग्रहालयात टिकल्या आणि आता संगणकावर आल्या आहेत. मराठवाड्याच्या वाट्याला असे काही आले नाही. साताऱ्याचे अपशिंगे आपल्या नावापुढे अभिमानाने ‘मिलिटरी’ लावते. आपल्याकडे तो अभिमान का रुजला नाही, याचे एक कारण मला निजामाची राजवट संपली त्या सप्टेंबर १९४८मध्ये दिसते. रझाकारांचा छळ सोसलेल्या आणि मुक्तिसंग्राम लढलेल्या या मुलखात ‘आमचा आजा निजामाच्या फौजेत होता’ हे ओसरीवर बसून सांगण्यासारखे राहिले नाही. स्वातंत्र्यसैनिकाचे कागद घराने ट्रंकेत जपले, कारण त्यांवर पेन्शन होती आणि मानही होता. दुसऱ्या कागदांची निगा कोण राखणार? साम्राज्याने तो माणूस अर्धामुर्धा लिहिला. पुसण्याचे उरलेले काम आपण केले. निजामाची रयत असलेला, पोटासाठी इंग्रजांच्या युद्धावर गेलेला हा माणूस आपल्या कुठल्याच गोष्टीचा नायक होत नाही.

साम्राज्याचे अर्धे लिहिणे कसे असते ते बसऱ्याच्या स्मारकावर दिसते. मेसोपोटेमियात मेलेल्या गोऱ्या सैनिकांची आणि हिंदी अधिकाऱ्यांची नावे तिथे कोरली गेली. साध्या हिंदी शिपायांच्या वाट्याला पलटणीचे नाव आणि मृतांचा आकडा. मेलेल्यांत भेद करायचा नाही, हे अशी स्मारके उभारणाऱ्या युद्धकबर आयोगाचे मूळ ब्रीद. २०२१मध्ये याच आयोगाच्या अहवालाने मान्य केले की निदान १ लाख १६ हजार, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत माणसांची नावाने दखल घेतलीच गेली नाही. त्यांत बहुतेक आफ्रिका आणि मध्यपूर्वेतले. हिंदी शिपायांची बरीच नावे आता आयोगाच्या संकेतस्थळावर सापडतात, पण गाव आणि बापाचे नाव इंग्रज कारकुनाला जसे ऐकू आले तसे लिहिलेले. चारठाणा शोधताना पाच-सहा स्पेलिंगे करून पाहावीत, जिल्ह्याच्या जागी नुसते ‘डेक्कन’ असेल हेही धरून चालावे. शिवाय ही सोय मेलेल्यांपुरती. जो जिवंत परतला आणि पुन्हा औत धरून उभा राहिला, त्याच्यासाठी लंडनचे युद्ध-रोजनिशांचे गठ्ठेही फारसे कामाचे नाहीत. पलटण कुठे होती ते त्यांत कळते, साध्या शिपायाचे नाव क्वचितच येते.

म्हणून घरात पदक असेल तर आधी त्याची कड पाहावी. राजाचा चेहरा असलेली बाजू सगळे पाहतात. क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कडेवर बारीक अक्षरांत ठोकलेली असतात. चिंचेने घासून घासून ती अक्षरे झिजली असतील तर भिंगाखाली तिरपा उजेड धरावा, आणि यापुढे घासणे थांबवावे. मग धातू पाहावा. १९१४–१८च्या युद्धाचे ब्रिटिश वॉर मेडल लढणाऱ्याला चांदीचे मिळे, मजूर पथकातल्यांसारख्या बिनलढाऊंना ब्राँझचे. ब्राँझ निघाले तर पलटणींच्या याद्या बाजूला ठेवाव्यात आणि खेचर पथके, मजूर पथके, इस्पितळी पथके यांच्या मागे लागावे. घरात आजवर शिपाई म्हणून सांगितलेल्या माणसाचा तो पहिला खरा हुद्दा असेल.